हौसाक्का आणि हौसाई

‘हौसाई’ हे नाव मी सुचवलं. हे कबूल करायला मला फार वेळ लागला, म्हणून इथे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. आज आळेफाट्यापासून मंचरपर्यंत कुठल्याही किराणा दुकानात गेलात तर केशरी पाकिटातला हौसाई मसाला समोरच टांगलेला दिसेल. पाकिटावर नऊवारी नेसलेली, नथ घातलेली एक हसरी म्हातारी आहे. तिचं चित्र मी इंटरनेटवरून घेतलं, नथ मी वाढवली, आणि नाव माझ्याच तोंडून निघालं, हातातला चहा संपायच्या आत. मसाला माझ्या मेहुण्याचा, पण त्या नावाची बाई त्याच्या घराण्यात कुणाला आठवत नाही. ती बाई होती दुसऱ्याच घरात. तिचं नाव हौसाक्का. तिच्या नावाचा मसाला त्याआधी नऊ वर्षं त्याच दुकानांतून विकला जात होता, आणि त्याची लेबलंसुद्धा मीच छापत होतो.

माझी आळेफाट्याला प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, दहाव्याची पत्रकं, आणि गेली काही वर्षं लेबलं-पाकिटं. नाव सुचवणं ही माझी पहिली चूक. दुसरी तिच्याहून मोठी आहे. ती सांगायची तर आधी तात्यांबद्दल सांगायला हवं, आणि खरं तर मला तात्यांबद्दलच सांगायचं आहे.

तात्या पिंपळवंडीचे, म्हणजे माझ्याच गावचे. आयुष्यभर पोस्टमन. गावात सगळे त्यांना पोस्टमास्तर म्हणत आणि ते प्रत्येक वेळी थांबून दुरुस्त करत. “मास्तर न्हाई. पोस्टमन. मास्तर बसून असतो.”

नोकरी संपली तरी त्यांच्या डोक्यातून पोस्ट गेलं नाही. माणसांना ते नावानं हाक मारत नसत, पत्त्यानं मारत. मी त्यांच्यासाठी ‘आळेफाटा’. शेजारचा चहावाला राजस्थानातून आलेला, त्याला त्याच्या गावाच्या नावानं हाक, आणि वर पिनकोडसुद्धा. तो पोरगेलेसा माणूस पहिल्यांदा पिनकोड ऐकून रडवेला झाला होता. इतक्या लांब आपल्या गावाचा नंबर कुणाला पाठ असेल असं त्याला वाटलंच नव्हतं. माझी बायको मंचरची. तिला ‘मंचर’.

“मंचर, च्या टाका जरा.”

“तात्या, मला इथं येऊन वीस वर्षं झाली की.”

“पत्ता बदलल्याचा अर्ज दिला का?”

“नाही.”

“मग मंचरच.”

ते जुन्या मोपेडवरून येत. डोक्याला हेल्मेट, आणि ते प्रेसमध्ये आल्यावरही काढत नसत. पुढची काच वर करून, हेल्मेटमधूनच प्रूफ वाचायचं, हेल्मेटमधूनच चहा प्यायचा. हेल्मेटमध्ये त्यांना ऐकू येत नसे, म्हणून ते असले की आम्ही सगळे ओरडून बोलायचो आणि रस्त्यावरच्या लोकांना वाटायचं, प्रेसमध्ये भांडण लागलं आहे. एकदा मी विचारलं, “तात्या, हे काढत का नाही?”

“काढलं की इसरतो. सर्व्हिसमध्ये दोन छत्र्या आन एक टोपी गेली. नोंद हाये.”

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात तारखेचा रबरी शिक्का असे, आणि दुसऱ्या खिशात पत्र्याच्या डबीत शाईचं पॅड. हाताला लागेल त्या कागदावर ते त्या दिवसाची तारीख उमटवत. आलेल्या लग्नपत्रिकेवर, डॉक्टरच्या चिठ्ठीवर, एकदा तर माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर. मी म्हणालो, अहो, कॅलेंडरवर तारीख असतेच. ते म्हणाले, “ती छापलेली हाये. आपन आज इथं व्हतो हे तिला कुठं म्हाईत?” मग माझ्याकडे वळून नेहमीचं वाक्य: “तारीख न्हाई तो कागद खरं बोलतो का खोटं, कसं कळावं?”

पेन्शनीत बसून राहणं त्यांना जमलं नाही. घरामागच्या पडवीत त्यांनी मिरची कांडायचा छोटा डंक बसवला आणि मासवडीच्या रश्श्याचा मसाला करायला लागले. आमच्याकडे मासवडी म्हणजे पाहुण्यांची परीक्षा असते, आणि रस्सा फसला तर वडी कितीही चांगली असो, कुणी नाव घेत नाही. तात्यांच्या मसाल्यानं कुणाचा रस्सा फसला नाही.

पण विकायची त्यांची पद्धत अशी की गिऱ्हाईक जेरीस यावं. घरी कुणी अर्धा किलो मागायला आलं की विचारायचे, “घरात मानसं किती?”

“दोघंच.”

“मग अर्धा किलो काय अंगाला लावनार? वास उडून जातो. पावशेर घ्या. संपला की परत या. मी कुठं चाललोय.”

हायवेवरचा एक हॉटेलवाला दहा किलो न्यायला गाडी घेऊन आला होता. तात्यांनी त्याला रोज किती ताटं जातात ते विचारलं, बोटांवर हिशेब केला आणि दोन किलो दिला. तो बाहेर येऊन मला म्हणाला, “राव, ह्यो मानूस दुकानदार हाय का डाक्टर?”

प्रत्येक नवा घाणा झाला की ते पुडी घेऊन प्रेसमध्ये येत आणि पंख्याखाली उघडत. आम्ही सगळे शिंकायला लागायचो. ते बोटं मोजत उभे. बाकीच्यांच्या शिंकांना किंमत नव्हती. माझ्या तीन व्हायला हव्यात. दोनच झाल्या तर पुडी बांधून मुकाट परत जायचे आणि सगळा घाणा पुन्हा भाजायचे. “तुझ्या आज्याचं मेंढरामागं फिरलेलं नाक तुला आलंय, आळेफाटा. त्याच्यात खोट न्हाई.” माझ्या आजोबांपर्यंत आमच्याकडे मेंढरं होती, हे खरं आहे. नाकाचं माहीत नाही. पण सर्दी झाली की मी तात्यांना निरोप पाठवायचो, आज येऊ नका म्हणून, आणि ते खरंच येत नसत.

पहिलं लेबल केलं तो दिवस मला चांगला आठवतो. मी चार नमुने करून ठेवले होते. एकावर जातं, एकावर चूल, उरलेल्या दोन्हींवर बायका. तात्यांनी चारही बाजूला सारले.

“चित्र नको. फकस्त नाव. ‘हौसाक्का मसाला’. आन मोठं.”

मी मोठं केलं. ते म्हणाले, अजून. आणखी मोठं केलं. अजून. शेवटी मी वैतागून ओरडलो, “तात्या, मग घटक कुठं छापू? वजन कुठं छापू?”

“ते बारीक टाक. नाव मोठं पायजे.”

“पण का?”

त्यांनी हेल्मेटची काच वर केली. हौसाक्का त्यांची थोरली बहीण हे मला माहीत होतं. आई लवकर गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं, शिकवलं, हेही गावाला माहीत होतं. त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती अगदी सुरुवातीला, पण गावानं ते मनावर घ्यायला पुढची कितीतरी वर्षं लावली.

“आक्का मिरची तोडायला जायची लोकांच्या रानात,” तात्या म्हणाले. “तोडताना तिचा हात चालायचा. तीच मिरची वाळवून कांडायची म्हनलं की न्हाई चालायचा. मग दुसऱ्या बाया बोलवायचे. आन मसाला करावा तर आक्कानंच. आमीच खायचो, दोघं. दुसरं कोन खानार?” मग ते हसले. त्या हसण्यात कडवटपणा मी शोधला, मला सापडला नाही. “हातचं खात नव्हते ना, आता नावाचं खात्यात. म्हनून मोठं पायजे. चष्मा नसला तरी दिसलं पायजे.”

मी मान खाली घालून अक्षरं वाढवली. आमच्या रानातही हौसाक्का मिरची तोडायला येत असे. मी लहान होतो, पण डोक्याला हिरवं फडकं बांधलेली, ओळीत सगळ्यांच्या पुढे असणारी ती बाई मला आठवत होती. आणि आमच्या ओसरीवर मिरची कांडायला कोण येत असे तेही आठवत होतं. ती नसे.

तात्यांनी प्रूफवर सही केली, शिक्का मारला, आणि प्रूफ मलाच परत दिलं. “तुझ्याकडं राहू दे. माझ्या घराला ओल हाये. आन छापनाऱ्याकडचा कागद म्हंजे पोस्टात ठेवलेला.” प्रत्येक कामाचा एक नमुना ठेवायची आमच्या प्रेसची रीतच आहे, मी तो दोऱ्यात ओवला. पुढे दर छपाईला तेच. सही, शिक्का, “तुझ्याकडं राहू दे”. माझ्याकडे त्यांचा वेगळा गठ्ठा तयार झाला.

आता मेहुण्याबद्दल. तो वाईट माणूस नाही, हे मला लिहायलाच हवं. माझे वडील पुण्यात दवाखान्यात होते तेव्हा माझ्या आधी तो तिथे पोचला होता आणि माझ्यानंतर निघाला. मंचरला त्याची मोठी गिरणी आहे. मसाल्याच्या धंद्यात उतरायचं ठरवल्यावर तो माझ्याकडे आला. पाकिटांचं सगळं काम मला देणार होता, आणि त्या कामावर माझं नवं मशीन चालणार होतं.

“नाव असं दे, दाजी,” तो म्हणाला, “की लोकांना आधीपासून ओळखीचं वाटलं पाहिजे. ते तुमच्याकडं चालतं ना, काय ते, हौसाक्का. तशातलं.”

“मग हौसाई करा,” मी म्हणालो.

इतकंच. लग्नपत्रिकेत मुलांच्या नावानं चार ओळी जुळवून द्याव्यात तितक्या सहज. तो खूश झाला. त्यानं ते नाव रीतसर ट्रेडमार्कला नोंदवायला टाकलं, आणि यथावकाश ते नोंदलं गेलं.

केशरी पाकीट बाजारात आलं तेव्हा तात्या एक विकत घेऊन माझ्याकडे आले. टेबलावर ठेवलं, पंखा लावला, पाकीट फोडलं. मी एकदा शिंकलो.

“एक,” तात्या म्हणाले. वाट पाहिली. “एकच. तीबी अर्धी.” आणि मनापासून हसले. पाकीट उलटसुलट करून त्या नथवालीकडे बघत राहिले. “ही कोन असंल रं, आळेफाटा? तुला म्हाईत हाय?”

“नाही,” मी म्हणालो.

“असंल कुनाची तरी. चालू दे. दुसऱ्या घरातबी हौसा असंल तर तिचंबी नाव व्हायला पायजे.”

त्या वाक्यानंतर मला रात्री झोप लागली नाही असं लिहिलं तर बरं दिसेल, पण ते खोटं होईल. झोप लागली. नवं मशीन चालत होतं, काम खूप होतं. त्रास नंतर सुरू झाला.

तात्यांची एक हकीकत इथे सांगतो, कारण ती मला पुढे नडली. आंबेगाव तालुक्यात वर डोंगरात आहुपे आहे. तिकडच्या वाड्यांची डाक काही काळ तात्यांकडे होती. पावसाळ्यात एक ओढा ओलांडताना त्यांचा पाय घसरला आणि टपालाची पिशवी वाहून गेली. पिशवीत साधी पत्रंच होती. वरच्या साहेबांनी सांगितलं, गेली तर गेली, कोण विचारतंय. पण तात्या रजेच्या दिवशी ओढ्याकाठानं शोधत फिरायचे. पुढच्या उन्हाळ्यात देवराईच्या खालच्या अंगाला, झुडपाच्या मुळांत पिशवी सापडली. अकरा पत्त्यांपुरतं काहीतरी वाचता येत होतं. साहेब म्हणाले, फाडून टाका आता. तात्यांनी ती पत्रं उन्हात सुकवली, आणि एकेका दारात जाऊन दिली. प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं, उशीर माझ्याकडून झाला, पाय माझा घसरला.

“लोक काय म्हणाले?” मी विचारलं होतं.

“हसले. एकजन म्हनला, पोस्टमन, ह्या लग्नाला आता कसं जाऊ, नवरी बाळंत झाली. एका घरचा मानूसच ऱ्हायला नव्हता, ज्याच्या नावानं पत्र व्हतं. त्याच्या बायकूला दिलं. तिनं ते उशाला ठेवलं.” आणि वर म्हणाले, “उशिरा का व्हईना, पोचवायचं असतं.”

मेहुण्याच्या वकिलाची नोटीस तात्यांना रजिस्टर पोस्टानं आली. ते आधी खूशच झाले. बऱ्याच दिवसांनी कुणाचं तरी रजिस्टर आलं होतं. पोच दिली, लिफाफ्यावर शिक्का मारला आणि वाचून घ्यायला माझ्याकडे आले, कारण नोटीस इंग्रजीत होती. मीच ती त्यांना मराठीत वाचून दाखवली. आपण ‘हौसाई’ या नोंदणीकृत नावाशी फसवं साम्य असलेलं नाव वापरून गिऱ्हाइकांची दिशाभूल करीत आहात. वापर ताबडतोब थांबवा. न थांबवल्यास माल जप्त होऊ शकतो.

“परत वाच,” ते म्हणाले.

मी परत वाचलं.

“म्हंजे आक्का नक्कल हाये व्हय?”

मी म्हणालो, तात्या, वकिलांना भेटा.

जुन्नरच्या वकिलानं त्यांना नीट समजावलं. नोंदणी त्यांची असली तरी नाव तुम्ही आधीपासून वापरता हे दाखवलं तर तुम्हाला कुणी थांबवू शकत नाही. पण कागद हवा. तात्यांचं खाद्यपदार्थाचं लायसन होतं ते हौसाईच्या नंतरचं. आधीच्या वर्षांची बिलं मीच दिली नव्हती. तात्या मागायचे आणि मी म्हणायचो, आपल्यात कशाला. विकलेली पाकिटं तर लोकांनी फाडून टाकलेली. जगात एकच पुरावा होता, माझ्याकडचा गठ्ठा.

दुसऱ्या दिवशी ते आले ते गाडीवरूनच ओरडत. “आळेफाटा, आपला गठ्ठा काढ. वकील म्हनतो तारखेचा कागद पायजे. मी म्हनलं, तारखेचा? अहो, तारखेशिवाय आपला एक कागद न्हाई.” असं आनंदलेलं मी त्यांना क्वचित पाहिलं होतं. सगळं जग त्यांच्या शिक्क्याला हसलं होतं आणि आज शिक्का कामाला येणार होता.

मेहुण्याचा फोन आदल्या दिवशीच येऊन गेला होता. म्हातारा येईल, काही देऊ नका, पुढं त्यांचं काय नुकसान होईल ते मी बघतो. बायको हे बोलणं ऐकत होती.

“तात्या,” मी म्हणालो, “मागच्या पावसाळ्यात वाळवी लागली. सगळे जुने गठ्ठे जाळून टाकले.”

गठ्ठा पोटमाळ्यावर होता. ते बरोबर त्याच्या खाली उभे होते.

तात्यांनी हेल्मेट काढलं. इतक्या वर्षांत मी त्यांचं डोकं प्रेसमध्ये पहिल्यांदा पाहिलं. केस घामानं चिकटले होते.

“समदे?”

“सगळे.”

“कवा जाळले? तारीख?”

मी टेबलावरची बिलबुकं सारखी करायला लागलो. ते म्हणाले, “बरं, साहेब.”

ते गेले. हेल्मेट टेबलावर राहिलं. मी धावत बाहेर गेलो असतो तर गाडी चौकातच गाठता आली असती. मी गेलो नाही. हेल्मेट न्यायला ते परत आले नाहीत, आणि मी ते खणात ठेवून दिलं.

नियम म्हणजे नियम, त्यामुळे तात्यांनी नाव काढलं. दुसरं घातलं नाही. पांढऱ्या पुड्यांत मसाला भरायचे आणि पुडीवर फक्त तारखेचा शिक्का. दुकानदार विचारत, तात्या, नाव कुठंय? ते सांगत, “नावावर हरकत हाये.” बिननावाची पुडी किती दिवस कोण ठेवणार? एकेकानं बंद केली. लोक दुकानात जाऊन हौसाचा मसाला मागत आणि दुकानदार केशरी पाकीट काढून देत. गावातली चार घरं तेवढी पडवीत जाऊन पांढरी पुडी आणत. त्यात माझी बायको होती. माहेरच्या मसाल्याची पेटी आमच्याकडे दर दिवाळीला येते, ती बायको तशीच वाटून टाकायची. स्वयंपाकघरात फळीवर पांढरी पुडी, तारखेचा शिक्का माझ्याकडे तोंड करून. मी एकदा म्हणालो, ही कशाला? ती म्हणाली, “मला पत्त्यावरनं ओळखणारा तेवढा एकच माणूस आहे.” आणि वर म्हणाली, “गठ्ठ्याला खरंच वाळवी लागेल हं एखाद्या दिवशी.”

तरी मी हललो नाही. मला हलवलं आईनं, आणि तिला तर यातलं काहीच माहीत नव्हतं.

आई आता थकली आहे. दिवाळीची पेटी उघडी होती आणि ती एक केशरी पाकीट हातात घेऊन बघत बसली होती. नाव अक्षर अक्षर लावून वाचलं. मग म्हणाली, “ही आपली हौसा न्हाई.”

“कोण आपली?”

“पोस्टमनची बहीन. तिला कुठली आलीय नथ. हौसा काळीसावळी, उंच. मिरची तोडायला लई चलाख. मला दिवस गेलेले असताना माझी ओळ तिनं तोडून दिली व्हती, तुझ्या वेळंला.” पाकीट तिनं खाली ठेवलं. “तिच्या मसाल्याचा वास यायचा वाऱ्यावर. लई वाटायचं, जरा मागावा. न्हाई मागितला. तवा तसं व्हतं.” मग म्हणाली, “आपन मागितला असता तर तिनं दिला असता.”

मी शिडी लावली आणि पोटमाळ्यावर चढलो. गठ्ठा होता तिथेच होता. कोरडा. पहिल्या प्रूफवर ते भलंमोठं नाव, खाली सही, त्यावर निळसर शिक्का, कालच मारल्यासारखा.

मेहुण्याला मी फोन करून सांगितलं, कागद सापडले आहेत आणि मी ते देणार आहे. तो म्हणाला, दाजी, विचार करा. मी म्हणालो, केला. त्याची पाकिटं आता दुसरीकडे छापली जातात. पुढे नावाचा दावा कोर्टात उभा राहिला, त्याचा निकाल अजून यायचा आहे. वकील म्हणतात, गठ्ठ्यानं पारडं फिरलं. राखीपौर्णिमेला बायको मंचरला जाऊन आली, भावानं तिला साडी दिली, माझी चौकशी केली नाही.

त्या फोननंतर जुन्नरला जाऊन मी प्रतिज्ञापत्र टाइप करून घेतलं, नोटरीचा शिक्का घेतला, आणि ते, गठ्ठा आणि हेल्मेट घेऊन पिंपळवंडीला गेलो. तात्या अंगणात मिरच्यांची देठं काढत बसले होते. समोर मोठा ढीग, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर दिसत होती. मला पाहून त्यांनी ना या म्हटलं, ना बसा. मी बाजेच्या टोकावर बसलो आणि सगळं त्यांच्यापुढे ठेवलं. हेल्मेटकडे त्यांनी नुसतं पाहिलं. हात पुसले, चष्मा लावला, खिशातून लाल पेन काढलं आणि प्रतिज्ञापत्र प्रूफ वाचावं तसं वाचायला लागले. ओळीखाली बोट फिरवत.

एका जागी थांबले. “‘सदर कागद माझ्या ताब्यात असूनही नजरचुकीने मला मिळून आले नाहीत.’” वाचलं आणि ‘नजरचुकीने’च्या खाली लाल रेघ मारली. “नजर कुठं चुकली?”

मी म्हणालो, “टाइपवाल्यानं लिहिलंय. असंच लिहितात.”

“तू वर बघितलंवतंस.”

“कधी?” मी विचारलं.

“तवा. मी इचारलं समदे का, आन तू ‘सगळे’ म्हनलास, तवा तुझी नजर वर गेली. पोटमाळ्याकडं. नजर बरोबर व्हती.” ते पुढे वाचायला लागले, पण बोलणं सुरूच होतं. “पोस्टमन हाये मी. मानूस घरात असून आतनं ‘न्हाईत घरी’ सांगत्यात, तो आवाज मला कळतो.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत? वकिलाला का सांगितलं नाही?”

“काय सांगू? आळेफाटा खोटं बोलतो?” देठाचा एक तुकडा त्यांनी बोटावरून झटकला. “ज्याच्याकडं दिलंय त्यानं द्यायचं असतं. हिसकून घेतलं तर ते टपाल न्हाई.”

पुढे ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहे’ असं होतं. त्याखालीही रेघ आली. मग त्यांनी कागद माझ्यापुढे धरला.

“हे दुसरं लिहून आन. आन आता तोंडानं सांग.”

“तात्या...”

“आहुपेला मी अकरा दारांत उभं राहून सांगितलं. तुला एकच दार हाये.”

मी बाजेवरून उठलो. दारासमोर उभा राहिलो. मिरचीनं डोळ्यांत पाणी येत होतं, निदान सुरुवातीला मिरचीनंच. तात्यांनी हातातलं काम थांबवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले.

“तात्या,” मी म्हणालो, “कागद माझ्याकडे होते. पोटमाळ्यावर होते, आणि मला ते माहीत होतं. वाळवी लागली नव्हती. मी काही जाळलं नव्हतं. मी खोटं बोललो. आणि एक गोष्ट या कागदात लिहिलेली नाही. हौसाई हे नाव मी दिलं. मेहुण्याला ते सुचलं नव्हतं, मला सुचलं, कारण हौसाक्काचं नाव मला ठाऊक होतं. ती आमच्या रानात मिरची तोडायची. माझ्या आईची ओळ तिनं तोडली होती. हे सगळं ठाऊक असून मी दिलं. उशीर माझ्याकडून झाला. मला माफ करा.”